पोपटी रंग ठेवा, भिंत बदला

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं :

"आमचं घर १९८४ सालचं, तळमजल्याचं. हॉल अकरा बाय सोळा, खिडकी एकच, उत्तरेला. आत स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला कोरी भिंत. लग्न होऊन आले तेव्हापासून घर क्रीम आहे. दर वेळी रंगकाम निघालं की चर्चा होते आणि शेवटी क्रीमच लागतो. या वेळी मी हट्टाने पोपटी ठरवला. लेक पहिल्या बाळंतपणाला दसऱ्याच्या सुमारास येईल, तिच्या खोलीलाही तोच द्यायचं मनात आहे. पेंटरने सोफ्याच्या वर दोन फुटांचा चौकोन मारून दाखवला. रात्री ट्यूब लावली आणि माझंच धाबं दणाणलं. हे म्हणाले, 'घर आहे का सरबताचं दुकान?' सासूबाई म्हणतात, हिरव्या रंगात विष असतं, बाळंतिणीच्या घरात नको. पेंटर म्हणतो, 'सुकला की बसतो.' मी माघार घेऊ का?"

ताई,

माघार घेऊ नका. पण ज्या दोन खोल्या तुम्ही निवडल्यात त्या दोन्ही या रंगाच्या नाहीत, आणि त्यातली एक तर अजिबातच नाही. आधी तिचं बोलू, कारण तिथे आवडनिवडीचा प्रश्नच येत नाही.

लेकीची खोली. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार कावीळ दिसते. बहुतेकांची आपली आपण उतरते, पण ती वाढत नाही ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. घरी ते ठेवायचं म्हणजे बाळाला चांगल्या उजेडात धरून चेहरा, डोळ्यांचा पांढरा भाग, छाती, पाय बघायचे. आता भिंती पोपटी असतील तर खिडकीतून आलेला उजेड भिंतींवर आपटून पोपटी होतो आणि तोच बाळावर पडतो. मग चांगलं टवटवीत बाळही पिवळं दिसतं, नाहीतर त्याचा पिवळेपणा रोजचाच वाटून नजरेतून सुटतो. यातलं दुसरं जास्त वाईट. नवजात बाळांच्या कक्षात भिंती आणि पडदे पिवळ्या छटेचे नकोत असं सांगतात ते याचसाठी. तेव्हा त्या खोलीला सरळ पांढरा द्या. क्रीमसुद्धा नको. पडदेही पांढरे किंवा फिके करडे. आणि शंका आलीच तर बाळाच्या रंगावर घरात चर्चा करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता हॉल. तुमचं धाबं दणाणलं त्यात तुमच्या आवडीचा दोष नाही. या रंगाचं काम मुळात नजरेत घुसण्याचं आहे. दिवसाच्या उजेडात आपल्या डोळ्याला सगळ्यांत तीव्रतेने जाणवणारा प्रकाश ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा असतो, आणि तो पिवळा-हिरवाच आहे. महामार्गावर काम करणाऱ्यांच्या अंगातली ती झगझगीत जॅकेटं त्याच रंगाची का, ते यावरून कळेल. टेनिसचा चेंडू आधी पांढरा असायचा. टीव्हीवर तो नीट दिसावा म्हणून १९७२ साली पिवळ्या चेंडूला नियमांत जागा मिळाली, आणि विम्बल्डनवाल्यांनी नाखुशीने का होईना, १९८६ साली तो घेतला. जो रंग लोक लांबून दिसावा म्हणून मुद्दाम निवडतात, तो तुमच्या पेंटरने सोफ्याच्या डोक्यावर, समोर बसणाऱ्यापासून आठ-दहा फुटांवर लावला. दुसरं काय होणार होतं?

त्यात त्या चौकोनावर आणखी दोन अन्याय झाले. एक म्हणजे तो क्रीम भिंतीच्या मधोमध बसला. शेजारचा रंग बदलला की मधला रंगही बदललेला दिसतो. पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत काळ्या धाग्याच्या रंगाबद्दल तक्रारी येत होत्या. तिथल्या रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्रल यांनी तपासलं, तर रंग पक्का होता, शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता. पुढे १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. तुमच्या भिंतीवर हेच झालं. भोवतीच्या क्रीममधल्या पिवळेपणामुळे चौकोनातला पिवळा दबला आणि हिरवा अंगावर आला. दुसरा अन्याय ट्यूबचा. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर, याचं माप) पांढरी-निळसर ट्यूब असते. तिच्याखाली पोपटी थंड आणि आंबट दिसतो. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच रंग कैरीच्या आतल्या गरासारखा मऊ होतो. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. जिथे पोपटी येईल तिथे ३००० किंवा ४००० चा दिवा घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा) ९० लिहिलेला मिळाला तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

पेंटरचं 'सुकला की बसतो' हे चुन्याच्या काळातलं वाक्य आहे. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर उजळतो. इमल्शनचं, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या आताच्या रंगाचं, बहुधा उलटं, वाळल्यावर ते थोडं गडदच होतं. शिवाय चार भिंतींना लागला की एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो, दुसरीचा पहिलीवर, आणि शेड कार्डावर अडीच इंचांत गोड दिसलेली छटा खोलीभर दुप्पट तिखट होते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये दिवसाही ट्यूबसारखाच प्रकार. तिथे बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे आजारी दिसतील, आणि 'बरं नाही का?' असं विचारणाऱ्या नणंदा तुम्हाला नको असतील.

मग पोपटी कुठे? तुम्ही पत्रात लिहून गेलात आणि तुमच्या लक्षात आलं नाही. बोळाच्या टोकाची ती कोरी भिंत.

कशी ते सांगते. एक तर ती हॉलमधून दिसते, पण लांबून, आणि हा रंग लांबूनच बघायचा. दारातून आत आलेल्याची नजर सरळ तिच्यावर जाते. दुसरं, तिच्यासमोर कुणी बसत नाही, तिथून फक्त येणं-जाणं. जो रंग तासभर समोर ठेवून बसवत नाही, तो दिवसातून तीस वेळा ओलांडताना आनंद देतो. तिसरं, बोळ अरुंद आणि अंधारा असतो, आणि अंधाऱ्या जागी पांढरा रंग पांढरा राहत नाही, करडा पडतो. पोपटी मात्र कमी उजेडातही तग धरतो. स्वयंपाकघरातून तिथे थोडा जरी उजेड येत असेल तर विचारायलाच नको. मात्र बोळाच्या दोन्ही लांब भिंती आणि छत पांढरंच ठेवा. तिथेही पोपटी चढवलात तर आमच्याकडे दुसरं पत्र लिहाल.

सोफ्यामागची भिंत नको हे एव्हाना कळलंच. टीव्हीची भिंतही नको, पडद्यावरचे रंग बिघडलेले वाटतात. ज्या भिंतीत खिडकी आहे तिलाही हा रंग देऊ नका : उजेड मागून डोळ्यांत येतो आणि भिंत स्वतः काळवंडलेली दिसते, पैसे पाण्यात. हॉलमध्ये रंगाची फारच हौस असेल तर खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर एखादा कोनाडा असेल तर त्याच्या आतून द्या. चौकटीत बांधलेला पोपटी शहाणा होतो.

छटा ठरवताना भिंतीवर चौकोन मारणं बंद करा. दोन फूट बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी घ्या, तिला प्रायमर मारा, कडेने चार बोटं पांढरी पट्टी सोडून आत तीन हात रंग द्या. एवढ्यासाठी दुकानातून सर्वांत लहान मापाचा डबा मिळतो. ती फळी बोळाच्या टोकाला उभी करून ठेवा आणि घरातल्यांना काही विचारू नका. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवणं झाल्यावर आणि रात्री दिवा लावून बघा. मग तिच्याजवळ वरण-भाताचं ताट नेऊन बघा, स्वतःचा हात धरून बघा. ताटाकडे बघून भूक मेली तर ती छटा बाद.

माझा सल्ला विचाराल तर शेड कार्डाच्या पट्टीवर तुम्हाला जो आवडलाय त्याच्या शेजारचा, जरासा मळलेला घ्या. दुकानदार त्याला 'डल' म्हणेल, तुम्ही ऐकू नका. कार्डावर ज्यात गेरूचा किंवा काळ्याचा अगदी एखादा थेंब असल्यासारखा वाटतो, तो भिंतीवर गेल्यावर बरोबर तुमच्या मनातला पोपटी होतो. कार्डावर जो मनातला वाटतो, तो भिंतीवर जॅकेट होतो. रंगांच्या नावांनी भुलू नका. २०१७ सालासाठी पँटोन या रंगछटांच्या कंपनीने असाच एक पिवळट हिरवा 'ग्रीनरी' नावाने वर्षाचा रंग म्हणून जाहीर केला होता. वर्ष संपलं, फॅशन पुढे गेली. तुम्हाला मात्र ही भिंत पाच-सात वर्षं बघायची आहे.

जोडीला काय ठेवावं यावर तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या भिंतीपुढे मनीप्लँट किंवा कुठलंही झाड ठेवू नका. सगळे तेच करतात आणि बिचारं झाड फिकं, मरगळलेलं दिसतं, कारण भिंत पानांपेक्षा जास्त हिरवी असते. पितळेची समईही तिच्यात हरवते. तांबं खुलतं. जुना तांब्याचा बंब किंवा घंगाळ माळ्यावर पडलं असेल तर खाली काढा, चिंचेने घासा आणि तिथे ठेवा. शिसवी, काळपट लाकूड चांगलं. लालसर पॉलिशचं सनमायका फर्निचर वाईट. आणि कापडात जांभळा. जांभळ्या पैठणीला पोपटी काठ का शोभतो, यावर कुणी व्याख्यान दिलेलं नाही, पण रंगचक्रात हे दोघे समोरासमोर बसतात आणि एकमेकांना उचलून धरतात. हॉलमधल्या सोफ्याला दोन जांभळ्या खणाचे अभ्रे केलेत तर बोळातला पोपटी हॉलशी आपोआप नातं सांगेल. बाटलीहिरवे पडदे मात्र काढून टाका, असतील तर. हिरव्यावर हिरवा चढला की भांडणं लागतात.

सासूबाईंना उडवून लावू नका. त्यांचं म्हणणं निराधार नाही, फक्त जुनं आहे. १७७५ साली कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक वापरून एक झकास पिवळसर हिरवा तयार केला. पुढच्या शतकात युरोपात भिंतीवरचे कागद, कापड, खेळणी, सगळीकडे तो गेला, आणि ओल आलेल्या भिंतींतल्या त्या कागदांनी माणसं आजारी पडली. आज आपल्या डब्यात तो नसतो. आपल्याकडची काळजी वेगळी होती, शिशाची. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य वापरत असत, आणि तेच हिरव्यातही मिसळायचं. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त चालत नाही, आणि हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या. सुटा, नाव नसलेला रंग पेंटरने स्वस्तात आणला तर परत पाठवा.

खरं विष असेल तर ते नव्या रंगात नाही, तुमच्या जुन्या खिडक्या-दारांवर आहे. १९८४ चं घर, म्हणजे लाकडावर आणि ग्रिलवर ऑइल पेंटचे थरावर थर, आणि त्यातले खालचे शिशाचे असण्याची बरीच शक्यता. ते कोरडे घासले की धूळ उडते, ती फरशीवर बसते, आणि गरोदर बाईने किंवा रांगत्या पोराने ती पोटात घेणं वाईट. म्हणून पेंटरला सांगा : कोरडं खरवडायचं नाही, लाकडावर पाणी मारून वॉटर पेपरने घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, आणि संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. हे सगळं काम लेक येण्याच्या निदान पंधरा-वीस दिवस आधी संपवा. घर उघडं राहून वासही जाईल. सासूबाईंना एवढंच सांगा की तुमचं ऐकून खिडक्यांचं काम ओल्याने करून घेतोय. त्यांचा मान राहील आणि ते खोटंही नाही.

शिसं गेलं त्याची एक किंमत मात्र मोजावी लागते. शिशाचा पिवळा चांगला झाकायचा. आताचे पिवळे रंग चकचकीत असले तरी पातळ, खालचं दिसू देणारे. शिवाय अशी भडक छटा मशिनवर बनवतात तेव्हा ज्या बेसमध्ये (छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं तो बेस घ्यावा लागतो, म्हणजे झाकण्याची ताकद आणखी कमी. पोपटीला दोन हात पुरत नाहीत, तीन लागतात, आणि 'दोन हातांत करून देतो' म्हणणारा पेंटर पट्टे सोडून जातो. ठरवतानाच तीन हातांचे पैसे ठरवा. आधी लांबी (पुट्टी), मग पॉलिश पेपर, मग प्रायमर. त्या प्रायमरमध्येच थोडा पोपटी मिसळायला सांगा, झाकायला मदत होते. बोळाची भिंत सात बाय दहा धरली तर सत्तर चौरस फूट झाले. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण एकशेवीस चौरस फूट जातं. एका लिटरमध्ये तिन्ही हात होऊन टचअपपुरता रंग उरतो, तेव्हा चार लिटरचा डबा घ्यायला लावला तर नाही म्हणा. उरलेला बाटलीत भरून त्यावर शेडचा नंबर आणि बेस लिहून ठेवा. चकाकी कमी असलेलं इमल्शन घ्या, जुन्या भिंतीचे उंचवटे चकाकत्या रंगात उठून दिसतात. आणि सोफ्यावरचा तो चौकोन नुसता क्रीम मारून झाकू देऊ नका. कडा घासून सपाट करून मगच रंग, नाहीतर तिरप्या उजेडात तो चौकोन वर्षभर तुम्हाला टोमणे मारेल.

राहता राहिले तुमचे हे. सरबताचं दुकान म्हणाले त्याचा राग धरू नका, रात्री ट्यूबखाली कुणीही तेच म्हणालं असतं. पण एक गोष्ट मला खटकली. चाळीस वर्षं क्रीम लागला तो कुणी हट्ट धरला म्हणून नाही, कुणी दुसरं काही ठरवलं नाही म्हणून. या वेळी तुम्ही ठरवलंत. हॉल त्यांच्या मताने पांढरट करा, तिथे ते पेपर वाचत बसतात. बोळाची भिंत तुमची. दिवसभर तिथून कोण ये-जा करतं, याचा हिशोब मांडायची गरजही पडू नये. त्यांना 'आवडेल का?' असं विचारू नका. 'बोळात पोपटी लागतोय, दिवा पिवळा आणायचा आहे, तेवढा घेऊन या,' असं सांगा. काम अंगावर दिलं की माणूस मत द्यायचं विसरतो.

आणि लेकीच्या खोलीत पोपटी हवाच असेल, तर भिंतीतल्या कपाटाच्या आतून द्या. दारं बंद असली की बाळावर त्याचा उजेड पडणार नाही. तिथेही पाण्यात मिसळणारा रंगच वापरा, ऑइल पेंट नको, आणि दुपट्यांची चवड ठेवण्याआधी दारं सताड उघडी टाकून कपाट पंधरा दिवस वाळू द्या.